टोल टाळता येतो, आत्या नाही

गूगलच्या नकाशात रस्ता ठरवताना टाळण्यासारख्या गोष्टी तीन दिल्या आहेत : टोल, महामार्ग आणि फेरीबोट. एवढ्या तीनच गोष्टी टाळून ज्यांचा प्रवास सुखाचा होतो, त्यांना नातेवाईक नसावेत. फेरीबोटीचं सोडूनच द्या. मराठवाड्यात ती टाळायला वेगळे कष्ट घ्यावे लागत नाहीत. टोल टाळायला मात्र घरातला प्रत्येक पुरुष एका पायावर तयार असतो, मग त्यापायी टोलच्या दीडपट डिझेल जळालं तरी बेहत्तर. पण भाऊबंद टाळा, उधारी थकलेलं दुकान टाळा, राहुकाळ टाळा, ज्या पाहुण्यांनी जावळाला बोलावलं नव्हतं त्यांचं गाव टाळा, असली बटणं त्या नकाशात कुठंच नाहीत. आणि आमच्याकडे रस्ता ठरतो तो नेमका याच बटणांवर.

आमच्याकडे म्हणजे शहागडला. तालुका अंबड, जिल्हा जालना. गोदावरीचा पूल ओलांडला की बीड जिल्हा. गावावरून जाणारा महामार्ग पंजाबातल्या संगरूरहून निघतो आणि कर्नाटकात अंकोल्याला जाऊन संपतो. त्याचा नंबर पूर्वी २११ होता, आता ५२ आहे, आणि जुनी माणसं त्याला अजून धुळे-सोलापूर रोडच म्हणतात. एवढ्या लांबलचक रस्त्याच्या काठी पिढ्या गेल्यामुळे आमच्या लोकांना एक खोड लागली आहे. कुणी कुठंही निघालेला दिसला की त्याला वाट सांगायची. त्यानं विचारलेलं असो वा नसो. पैठण फाट्यावर हातात पिशवी घेऊन नुसतं उभं राहा.

"कुठं निघालात?"

"पुण्याला."

"गाडीनं? मंग इकून कशाला? तिकून जा की."

हे 'तिकून' सांगणाऱ्यानं पुणं पाहिलेलं असलंच पाहिजे, असं काही नाही.

पुण्याला जायला इथून तीन वाटा आहेत आणि आमच्या घरात तीन पक्ष. अण्णा, म्हणजे आमचे वडील, पैठण-शेवगाव-नगर या पक्षाचे. अंतर कमी, जाता जाता नाथांच्या समाधीला माथा टेकता येतो, आणि शेवगावात त्यांची धाकटी बहीण राहते. आई गेवराई-पाथर्डी-नगर पक्षाची, कारण पाथर्डीजवळ मोहटादेवी आहे. आणि दाजी, म्हणजे ज्यांच्या हातात स्टेअरिंग असतं ते, संभाजीनगरवरून जाणाऱ्या मोठ्या रस्त्याचे. साठेक किलोमीटर जास्त पडले तरी चालतील, पण उसाच्या ट्रॉलीमागं गाडी रांगवत जायचं नाही, ही त्यांची जाहीर भूमिका. तिन्ही वाटा नगरला एकत्र येतात. पक्ष तिथंही येत नाहीत.

मध्यंतरी पुण्याला चुलतभावाच्या मुलीचा साखरपुडा होता. मुहूर्त दुपारी साडेबाराचा. आदल्या संध्याकाळी भाचा फोन घेऊन ओसरीवर बसला आणि बाकीचे त्याच्या भोवती. पोरगा अभियांत्रिकीला आहे. त्यानं 'बारापर्यंत पोहोचायचं आहे' असं नकाशाला सांगितलं. नकाशानं साडेसहाच्या सुमाराला निघा म्हणून सांगितलं. आईनं लगेच हिशेब केला : "म्हणजे चारला उठायचं, पाचला निघायचं असं सगळ्यांना सांगायचं, की साडेसहाला गाडी हालते." या हिशेबात चूक काढून दाखवावी असं गणित अजून कुठल्याही कंपनीला जमलेलं नाही. त्या रस्त्यावरून जाणाऱ्या असंख्य फोनांचा वेग नकाशा गोळा करतो, कुठल्या वारी कुठल्या वेळी गाड्या कुठं तुंबतात याची नोंद ठेवतो, आणि त्यावरून पोहोचायची वेळ काढतो. पण गाडीत सगळे बसल्यावर दह्याचा डबा फ्रीजमध्येच राहिला हे आठवतं, एकजण उतरतो, तो उतरला म्हणून दुसरा 'जाऊन येतो' म्हणतो, हा तुंबारा आमच्या अंगणातला. तो उपग्रहाला दिसत नाही.

मग थांबे. नकाशात वाटेतले थांबे टाकता येतात, आणि ते नऊच टाकता येतात, हे आम्हांला त्या रात्री कळलं. जगात बहुतेकांना हे कधीच कळत नसावं, कारण त्यांचे थांबे तिथवर पोहोचत नाहीत. आमचे पोहोचले. गेवराईत मावशीला पापड द्यायचे, एक. मोहटादेवी, दोन. मढीचे कानिफनाथ, तीन. एवढ्या जवळ जाऊन वृद्धेश्वर कसा सोडायचा, चार. नगरला माळीवाड्याचा विशाल गणपती, पाच. नगरलाच साडीचं दुकान, कारण आहेराची साडी रंगावरून परत आली होती, सहा. सुप्याला दाजींचे एक मित्र, सात. रांजणगावचा महागणपती, आठ. शिक्रापूरला चुलतचुलते, ज्यांना सोबत घ्यायचं आणि जे तयार होऊन बसले असतील असं फोनवर म्हणतात, नऊ. दहावा थांबा टाकायला गेल्यावर फोननं हात वर केले.

"दहावा कशाचा होता?" अण्णांनी विचारलं.

"चहाचा."

"चहाला थांबायला त्याची परवानगी लागते का आता?"

भाच्यानं पुढचा प्रश्न काढला. थांबे कुठल्या क्रमानं? नकाशा ते आपल्या मनानं लावत नाही. एकेका नावावर बोट दाबून वरखाली सरकवावं लागतं. नऊ थांब्यांचे क्रम ३,६२,८८० होतात, ही माहिती त्यानं पुरवली. त्यातले बरेचसे तासाभरात आमच्याकडे सुचवून झाले होते. आई म्हणाली, मढी आधी नको, देवी आधी. पोरानं मढीवर बोट ठेवलं आणि खाली ओढली. ती सुटून थेट रांजणगावच्या खाली जाऊन पडली. त्यानं पुन्हा उचलली, यावेळी विशाल गणपती निसटला आणि मावशीच्या डोक्यावर जाऊन बसला. आईला हे बघवेना. "अरे, देवाला असं बोटानं ढकलत्यात का?" म्हणून तिनं फोन उचलून स्वतःच्या कपाळाला लावला. त्या नमस्कारात स्क्रीनला कपाळ लागलं आणि दोन थांबे आपोआप उडाले. कुठले ते बघितल्यावर दाजी म्हणाले, "देवीनंच सोडवलं." उडाले होते ते मावशी आणि चुलते.

नकाशा वाट शोधतो त्याच्या मुळाशी जे गणित आहे ते एडस्गर डाइक्स्ट्रा या डच माणसाचं. १९५६ मध्ये तो होणाऱ्या बायकोबरोबर ॲमस्टरडॅममध्ये खरेदी करून दमला आणि दोघं कॉफी प्यायला बसली. रॉटरडॅमहून ग्रोनिंगेनला सर्वांत जवळच्या वाटेनं कसं जायचं, हा प्रश्न त्यानं तिथं बसल्या बसल्या वीसेक मिनिटांत सोडवला, तोही कागद-पेन्सिल न घेता. १९५९ मध्ये ते छापून आलं. आजच्या नकाशांमागची गणितं त्याच घराण्यातली आहेत. वीस मिनिटांत सुटलं याचं मला नवल वाटत नाही. तेव्हा लग्न व्हायचं होतं. ग्रोनिंगेनच्या वाटेवर तिचा मामा राहतो आणि त्याला डावलून जाता येणार नाही, हे अजून कुणी त्याला सांगितलेलं नव्हतं.

त्या रीतीत रस्त्याच्या प्रत्येक तुकड्याला एक वजन असतं : किलोमीटर म्हणा, मिनिटं म्हणा. वजनांची बेरीज जिथं सर्वांत कमी, ती वाट चांगली. आमच्याकडेही अगदी हेच करतात. फक्त वजन मानाचं असतं. शहागड ते शेवगाव हा तुकडा किलोमीटरनं हलका आहे, पण त्याच्यावर आत्या बसलेली आहे. न थांबता पुढं गेलो तर वर्षभर बोलणं. थांबलो तर "आलाच आहात तर" म्हणून जेवण, जेवणानंतर "उन्हाचं कुठं निघता", आणि साखरपुडा फोनवर बघायची वेळ. अर्धा तास बसून उठणं हा पर्याय आत्याकडे उपलब्ध नाही. तो कुणी मागितलेला ऐकिवात नाही.

म्हणून ठरलं की पाथर्डीवरून जायचं. पण नकाशा ऐकेना. त्याला पैठण-शेवगावचीच वाट जवळची वाटत होती आणि निळी रेघ पुन्हा पुन्हा आत्याच्या दारावरून जात होती. भाचा म्हणाला, फोनवर ही रेघ धरता येत नाही, कॉम्प्युटरवर येते. माउसनं पकडायची आणि हव्या त्या रस्त्यावर नेऊन सोडायची, ही सोय २००७ पासून आहे. तेव्हा आम्ही ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका दुकानात गेलो. दुकानदार पीकविम्याचा अर्ज भरत होता, तो बाजूला ठेवून त्यानं नकाशा उघडला आणि शेवगावावरची रेघ उचलली. ती चिवट. पाथर्डीवर सोडली की मधूनच एक शेपूट काढून परत शेवगावकडं जायची. दुकानात आलेले शेतकरीही आता खुर्च्या ओढून बसले होते. एकजण म्हणाला, "खरवंडीपाशी धरा, मंग येती." खरंच, खरवंडीपाशी धरल्यावर आली. अर्जवाल्याचं काम खोळंबलं होतं, पण त्याचीही तक्रार नव्हती. त्यानं उलट तिसगावनंतर करंजी घाटात ट्रक असतात, तिथं रेंज जाते, नकाशा आधीच उतरवून ठेवा, असा सल्ला दिला. तो मात्र उपयोगाचा निघाला.

भाच्याचा उत्साह एवढ्यावर थांबला नाही. गूगलमध्ये स्वतःचा नकाशा काढायची निराळी सोय आहे. त्यात दहापर्यंत थर करता येतात, रंगीत खुणा टोचता येतात. त्यानं तीन थर केले. जिथं थांबायचं ते हिरव्यात, जिथं थांबायचं नाही ते लालात, आणि जिथं थांबायचं नाही पण काच खाली करून हात करायचा ते पिवळ्यात. हा पिवळा थर बघून मला पोराच्या भवितव्याची काळजी मिटली.

अण्णांनी शेवटचा प्रयत्न म्हणून सुचवलं, की मी एकटा पैठणवरून एसटीनं जातो, तुम्ही गाडीनं या, नगरला भेटू. अर्धे इकडून, अर्धे तिकडून. ते कुणी मानलं नाही, आणि बरंच झालं. आमच्या मुलखात या प्रयोगाचा पूर्वानुभव चांगला नाही. नदीच्या पलीकडच्या काठाला राक्षसभुवन आहे. १० ऑगस्ट १७६३ ला तिथं निजामाचं सैन्य असंच अर्धं अर्धं झालं होतं. निजाम गोदावरी उतरून अलीकडच्या तीरावर आलेला, दिवाण विठ्ठल सुंदर पलीकडे राहिलेला, मध्ये श्रावणातलं पाणी. थोरल्या माधवरावांनी मागं राहिलेल्यांना गाठलं. दिवाण पडला आणि निजामाला काठावरून बघत बसण्यापलीकडे काही करता आलं नाही. गाड्या वेगळ्या झाल्या की जेवणाचा डबा नेमका दुसऱ्या गाडीत राहतो, हे त्याचंच सौम्य रूप.

नदीचं निघालं म्हणून सांगतो. नकाशातली गोदावरी बारा महिने सारखीच निळी असते. सप्टेंबर २०२५ च्या अखेरीला जायकवाडीतून तीन लाख क्युसेकच्या आसपास पाणी सुटलं होतं, तेव्हाही ती तेवढीच निळी आणि तेवढीच रुंद होती. पाणी कुठवर आलं हे फोनवरच कळत होतं, पण नकाशातून नव्हे. काठावरच्या मेहुण्याला फोन लावून.

शहागड नकाशात शोधणं हाही एक प्रकार आहे. इंग्रजीत एखादं अक्षर इकडचं तिकडं झालं की मध्य प्रदेशात सागर जिल्ह्यातलं शाहगढ उघडतं. आमच्याकडच्या एका लग्नाला मुंबईचे पाहुणे निघाले होते. त्यांनी घाबरून फोन केला, की अहो, वीस-बावीस तास दाखवतंय. फोन घेतला गावातल्या एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी. ते म्हणाले, "दाखवू द्या हो. तुमी निघा. रस्ता लई भारी झालाय आता."

तर साखरपुड्याच्या दिवशी गाडी सात वाजून वीस मिनिटांनी हलली. पहिला घोळ गावातच. महामार्ग चौपदरी झाल्यापासून आमच्या डोक्यावर उड्डाणपूल आहे आणि खाली सर्व्हिस रोड. फोनला आपण कुठं आहोत ते कळतं, पण किती उंचावर आहोत हे धड कळत नाही. वरची गाडी आणि खालची गाडी त्याला एकाच ठिपक्यात दिसतात. आम्ही खालून चाललो होतो आणि फोनमधली बाई वरचा रस्ता सांगत होती. उड्डाणपुलावर चढायचं की नाही हे आधी सांगायची सोय गूगलनं २०२४ मध्ये भारतातल्या चाळीस शहरांत आणली. शहागड त्यात नसणारच. पण वर की खाली हा प्रश्न मोठ्यांनाही सुटलेला नाही : जुलै २०२५ मध्ये बेलापूरला एक बाई फोनवरच्या नकाशाच्या भरवशावर पुलावर न चढता पुलाखालच्या रस्त्यानं गेल्या आणि गाडीसकट खाडीत उतरल्या. सागरी सुरक्षा पोलिसांनी त्यांना सुखरूप बाहेर काढलं. दाजींनी ही बातमी तोंडपाठ केलेली आहे. फोनमधल्या बाईनं उजवीकडं वळा म्हटलं की ते आधी "खाडी नाही ना?" असं विचारतात. शहागडापासून खाडी शेकडो किलोमीटर लांब आहे.

पुढं गेवराईच्या अलीकडं नकाशात रस्ता लाल झाला. पुढं खोळंबा, निराळ्या वाटेनं जा, सहा मिनिटं वाचतील. दाजी वळायला निघाले, तेवढ्यात अण्णांनी काच खाली करून समोर बघितलं. उसाच्या ट्रॉल्यांची रांग होती. प्रत्येक ट्रॅक्टरवर गाणी वाजत होती आणि प्रत्येक चालकाच्या खिशात फोन. नकाशाला वाटत होतं की आठ-दहा गाड्या अडकून पडल्या आहेत. वस्तुतः त्या आपल्या गतीनं आनंदात कारखान्याला चालल्या होत्या. बर्लिनमध्ये २०२० साली सायमन वेकर्ट नावाच्या एका कलावंतानं हातगाडीत ९९ फोन घालून रिकाम्या रस्त्यावरून फिरवले, आणि नकाशात तो रस्ता लालभडक झाला. जगभर त्याचं कौतुक झालं. आमच्याकडे गळीत हंगामात हे रोज चालतं आणि त्याला कुणी कला म्हणत नाही.

मावशीकडे पापड 'पिवळ्या थरातून', म्हणजे गाडी चालू ठेवून काचेतून, दिले. खरवंडी गेलं. पाथर्डी आली. मोहट्याला मात्र गर्दी होती. रांगेत सव्वा तास गेला. पुण्याहून दर दहा मिनिटांनी फोन सुरू झाले : कुठपर्यंत आलात? दाजींना गाडी चालवता चालवता उत्तर देता येईना, आईला आपण नेमके कुठं आहोत ते सांगता येईना. भाच्यानं मग तोडगा काढला. घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्यानं आमचं लाइव्ह लोकेशन टाकलं. पंधरा मिनिटं, एक तास की आठ तास, असं फोननं विचारलं. त्यानं आठ तास दाबलं. फोन यायचे थांबले. गाडीत शांतता झाली, आई म्हणाली पोरगं हुशार आहे, आणि दाजींनी बऱ्याच वेळानं एक भजनही लावलं.

ग्रुपमध्ये शेवगावची आत्याही आहे, हे पोराच्या तिन्ही थरांत कुठंच नोंदलेलं नव्हतं.

तिसगावजवळ तिचा मेसेज आला. मोठ्यानं वाचायचं काम पोरावरच आलं.

"बाळा, तुम्ही मोहट्याला सव्वा तास होता ते दिसलं. दर्शन चांगलं झालं असेल. मी सकाळपासून कुकर लावून बसले आहे. पाथर्डीहून शेवगाव किती लांब आहे, तेवढं बघ तुझ्या नकाशात."

अण्णा खिडकीबाहेर बघत हसत होते. पोरानं खरंच बघितलं. अर्ध्या-पाऊण तासाची वाट, रस्ता सगळा हिरवा. टोल नाही.